तेरा जण, दोन पत्रं, एक वर्ग

ग्रुपच्या नावात ‘जंटलमेन’ हा शब्द होता. कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात, डलहौसी विद्यापीठात दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला शिकणारे तेरा मुलगे या ग्रुपमध्ये होते. फेसबुकवरचा बंद ग्रुप, बाहेरच्यांना न दिसणारा. डिसेंबर २०१४ मध्ये त्यावर एक मतचाचणी पडली. वर्गातल्याच दोन मुलींची नावं आणि वर प्रश्न, की यांच्यापैकी कुणाशी तिरस्कारापोटी संभोग करायला आवडेल. खाली मतं. आणखी काही पोस्टमध्ये बाईला क्लोरोफॉर्म देऊन बेशुद्ध करण्याचे विनोद. ग्रुपमधल्याच एकाने हे वर्गातल्या एका मुलीला दाखवलं, तक्रार विद्यापीठाकडे गेली आणि महिन्याच्या मध्यापर्यंत बातमी देशभर झाली.

क्लोरोफॉर्मचा विनोद कुणीही केला तरी किळसवाणाच. पण ही मुलं विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये रुग्ण तपासत होती, काही महिन्यांत डॉक्टर म्हणून पाटी लावणार होती. दंतवैद्याच्या खुर्चीत माणूस मागे कलंडलेला असतो. तोंड उघडं, बोलता येत नाही, कधी भूल दिलेली. त्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकीला हा विनोद आपल्यावर वाटला तर तिचं काय चुकलं?

या प्रकरणात पुढे जी वाट निवडली गेली ती रिस्टोरेटिव्ह जस्टिसची, म्हणजे पुनर्स्थापक न्यायाची: नुसती शिक्षा न देता, झालेली इजा ती करणाऱ्यांनी आणि सोसणाऱ्यांनी मिळून भरून काढायची. त्यावर लिहिताना लोक बहुधा चमत्काराची गोष्ट निवडतात: खुन्याला मिठी मारणारी आई, तुरुंगातली माफी, डोळ्यांत पाणी. अशा गोष्टी खऱ्याही असतात, पण त्यातून काम कसं करायचं हे फारसं कळत नाही. डलहौसीच्या प्रकरणात चमत्कार नाही. म्हणूनच ते कामाचं.

तक्रार करणाऱ्या मुलींपुढे विद्यापीठाच्या लैंगिक छळविरोधी धोरणात दोन रस्ते होते. एक औपचारिक: लेखी तक्रार, चौकशी, शिस्तभंगाची कारवाई, अगदी हकालपट्टीपर्यंत. दुसरा अनौपचारिक, ज्यात रिस्टोरेटिव्ह प्रक्रिया बसत होती. त्यांनी दुसरा निवडला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पत्रकारांसमोर ते जाहीर केलं आणि भडका उडाला. हकालपट्टीची मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर सुमारे ५०,००० सह्या पडल्या. आवारात निदर्शनं झाली. विद्यापीठाच्याच चार प्राध्यापकांनी विद्यार्थी आचारसंहितेखाली स्वतंत्र तक्रार दाखल केली. ऑन्टॅरिओ प्रांतात दंतवैद्यांना परवाना देणाऱ्या संस्थेने तेरा जणांची नावं मागितली. विद्यापीठाने ती दिली नाहीत.

माझ्या मते पहिली ठेच इथेच लागली. हा शब्द आधी माध्यमांतून लोकांपर्यंत गेला, त्याचा अर्थ मागाहून. ‘रिस्टोरेटिव्ह’ ऐकून लोकांनी जे समजायचं तेच समजून घेतलं: चार जणांना बसवतील, माफी मागायला लावतील, प्रकरण मिटवतील. मोठ्या संस्थांनी आजवर प्रकरणं कशी मिटवली आहेत हे माहीत असणाऱ्याला दुसरं काय वाटणार?

ही पद्धत मांडवलीहून वेगळी पडते ती तिच्या प्रश्नांमुळे. शिस्तपालन समिती विचारते: कुठला नियम मोडला, कुणी मोडला, शिक्षा काय? इथे विचारलं जातं: काय घडलं, तेव्हा तुझ्या मनात काय होतं, कुणाला काय सोसावं लागलं, आणि आता ते भरून काढायचं कुणी आणि कसं? माफी मिळेलच असं नाही. माफी द्यायचं बंधन तर कुणावरच नाही. आधुनिक काळात या पद्धतीचा उगम बऱ्याचदा १९७४ च्या एका घटनेत सांगितला जातो. कॅनडातल्याच एल्मायरा गावात दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली होती. त्यांना दारोदार नेलं गेलं, घरमालकांसमोर उभं केलं, किती नुकसान झालं ते ऐकायला लावलं आणि भरपाई करायला लावली. तिथे हिशेब सोपा होता. फुटलेल्या काचा मोजता येतात.

डलहौसीत काय मोजायचं? आणि कुणाचं? ज्यांची नावं चाचणीत होती त्या दोघींचं तर उघड आहे. पण ग्रुपवर इतर मुलींबद्दलही लिहिलेलं होतं. वर्गातल्या उरलेल्या मुली होत्या, ज्यांना आता प्रत्येक वर्गमित्राकडे बघून वाटत होतं की हा मत देणाऱ्यांपैकी आहे का. ग्रुपमध्ये नसलेले मुलगे होते, ज्यांच्याकडे सगळे संशयाने बघत होते. शिकवणाऱ्या बायका होत्या, क्लिनिकमधल्या रुग्ण होत्या. एल्मायरात दार ठोठावायला २२ ठिकाणं होती, इथे कुठल्या दारापाशी थांबायचं तेच ठरत नव्हतं. प्रकरण गुंतागुंतीचं आहे असं म्हणतात तेव्हा बऱ्याचदा हेच म्हणायचं असतं: इजा एका माणसाची नसते आणि इजा झालेल्या सगळ्यांना एकच गोष्ट हवी नसते.

हॅलिफॅक्स ज्या न्यू स्कॉशिया प्रांतात येतं, तिथे त्याआधीपासून आणखी एक पेच होता. तिथे १९९९ पासून किशोरवयीन आरोपींसाठी रिस्टोरेटिव्ह जस्टिसचा सरकारी कार्यक्रम चालतो आणि कॅनडात तो आघाडीचा मानला जातो. पण लैंगिक गुन्हे आणि जोडीदाराकडून होणारी हिंसा या दोन प्रकारांना त्यातून वगळलेलं होतं. कारण साधं आहे. जिथे एकाचं दुसऱ्यावर आधीच वजन असतं तिथे दोघांना समोरासमोर बसवलं की ते वजन खोलीत येतंच. दबलेली बाई वर्तुळातही, म्हणजे सगळे गोलात बसून बोलतात त्या बैठकीतही, दबून बोलते. महिला संघटनांनी हा मुद्दा लावून धरला होता. डलहौसीत फौजदारी खटला नव्हता, त्यामुळे ती बंदी तांत्रिकदृष्ट्या लागू नव्हती. पण ज्या धोक्यासाठी बंदी होती, तो धोका होताच.

आता पत्रं.

जानेवारी २०१५ च्या सुरुवातीला त्याच वर्गातल्या चार मुलींनी नाव न देता अध्यक्षांना पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की विद्यापीठ आम्हाला या प्रक्रियेकडे ढकलतंय, आमचं तोंड बंद करतंय, आम्हाला वर्गापासून वेगळं पाडतंय आणि औपचारिक तक्रार करण्यापासून परावृत्त करतंय. नंतर दुसरं पत्र आलं, प्रक्रियेत सहभागी असलेल्या सहा मुलींचं. त्यांनी लिहिलं, की आम्ही सगळे पर्याय समजून घेऊन, कुणाच्या दबावाशिवाय हा मार्ग निवडला. सर्वांत मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांना जो शिक्षेचा न्याय हवाय, त्यापेक्षा आम्हाला हवा असलेला न्याय वेगळा आहे, असंही त्यांनी बजावलं.

ही दोन पत्रं शेजारी ठेवली की बहुतेक वाचणारे एक निवडतात. चौघी खऱ्या आणि सहाजणींची दिशाभूल झाली, किंवा सहाजणी खऱ्या आणि चौघी घाबरल्या. मला दोन्ही पत्रं अक्षरशः खरी वाटतात. सहाजणींना आपण ‘बिचाऱ्या’ ठरतोय, आपल्या वतीने पन्नास हजार अनोळखी माणसं शिक्षा मागतायत आणि आपल्याला कुणी विचारतच नाहीये, हे सोसवत नव्हतं. चार वर्षं ज्यांच्याबरोबर काढली, पुढची तीस वर्षं ज्यांच्याशी व्यवसायात गाठ पडणार, त्यांच्याकडून उत्तर हवं होतं. एखाद्याला काढून टाकलं की उत्तर मिळत नाही, तो फक्त निघून जातो. आणि चौघींचंही बरोबर होतं. निवड सहाजणींनी केली, पण ती जाहीर झाली संपूर्ण वर्गाची म्हणून. अध्यक्षांनी एकदा सगळ्या देशासमोर ‘मुलींनी हा मार्ग निवडलाय’ असं म्हटल्यावर, ‘मी नाही निवडला’ असं म्हणणारी मुलगी आपोआप मोडता घालणारी ठरते.

ऐच्छिकता हा या पद्धतीचा पाया आहे, असं प्रत्येक मार्गदर्शिकेत छापलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००२ च्या मूलतत्त्वांमध्येही आहे: दोन्ही बाजूंची मोकळी संमती, आणि ती कधीही मागे घेता येणं. व्यवहारात संमती तपासायची ती ‘हो’ पाशी नाही, ‘नाही’ पाशी. ‘नाही’ म्हणणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते? तिचं नाव फुटतं का, मैत्रिणी तुटतात का, परीक्षेच्या तोंडावर एकटीने चौकशीला सामोरं जावं लागतं का? यांतलं एखादं उत्तर जरी ‘हो’ असेल, तर आधीच्या होकाराचं वजन कमी होतं. संस्थेला स्वतःलाच प्रकरण शांत व्हायला हवं असतं तेव्हा तर हे दुप्पट तपासायला हवं. इथे प्रक्रिया चालवणारे तिघेही विद्यापीठाचेच होते: कायद्याच्या प्राध्यापक जेनिफर लुएलिन, सुरक्षा विभागातले जेकब मॅकआयझॅक आणि छळ प्रतिबंध कार्यालयातल्या मेलिसा मॅके. लुएलिन या क्षेत्रातल्या जगभर मान्य अभ्यासक आहेत, आणि तिघांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं मला कारण दिसत नाही. पण ज्या संस्थेवर संशय आहे तिच्याच पगारावरचा माणूस दोन्ही रस्ते समजावून सांगत असेल, तर तो कितीही तटस्थपणे बोलला तरी ऐकणारीला त्यात संस्थेचा आवाज ऐकू येतो.

ऐच्छिकतेचा प्रश्न मुलांच्या बाजूनेही होता, त्यावर मात्र कमी बोललं गेलं. जानेवारीत तेराही जणांना क्लिनिकमधून निलंबित केलं गेलं आणि वर्गातही इतरांपासून वेगळं बसवलं गेलं. क्लिनिकमधलं काम पूर्ण झाल्याशिवाय पदवी नाही. व्यावसायिक वर्तनाची जबाबदारी असलेल्या शैक्षणिक समितीने रिस्टोरेटिव्ह प्रक्रिया हाच सुधाराचा मार्ग म्हणून मान्य केला. म्हणजे वर्तुळात प्रामाणिकपणे बसण्याशी पदवी बांधली गेली. बारा जण आले. तेरावा आला नाही. ज्याने पोस्ट उघड केल्या तो हाच, असं त्याच्या वकिलाने जाहीरपणे सांगितलं. त्याने औपचारिक सुनावणी पत्करली. डोक्यावर टांगती तलवार असताना केलेला पश्चात्ताप खरा किती, असं टीकाकार विचारत होते. प्रश्न रास्त आहे, पण मला तो अर्धा वाटतो. कुणीच मनापासून, केवळ चांगुलपणाने अशा खोलीत शिरत नाही. दडपणाखाली आत आलेला माणूस पाच महिन्यांनी कुठे पोचला, हे बघायचं. आत येण्याच्या क्षणाला सगळं वजन देण्यात अर्थ नाही.

पाच महिने, हे लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही. बाहेर समजूत अशी की एक बैठक होईल. प्रत्यक्षात वर्गातल्या ३८ पैकी २९ जण प्रक्रियेत आले, १४ मुली आणि १५ मुलगे. म्हणजे ग्रुपबाहेरचे तीन मुलगेही आपणहून आले. आधी एकेकट्याच्या भेटी, मग छोटी वर्तुळं, मग मोठी. मध्ये अभ्यास: स्त्रीद्वेष, बलात्काराला किरकोळ ठरवणारी भाषा, बघ्याची भूमिका, व्यवसायाची नीती. व्यवसायातल्या आणि समाजातल्या लोकांसमोर जाऊन ऐकणं.

या कामातला सर्वांत मोठा वेळ समोरासमोरच्या भेटीत जात नाही, त्याआधीच्या तयारीत जातो. अशा तयारीत एक कागद हमखास येतो, आणि तो जवळून बघण्यासारखा असतो. माफीचा पहिला मसुदा. त्यात जवळजवळ नेहमी एक ओळ असते: ‘माझ्यामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो.’ सगळा पळपुटेपणा त्या ‘असतील तर’ मध्ये आणि ‘कुणाच्या’ मध्ये बसलेला असतो. समन्वयकाने, म्हणजे प्रक्रिया चालवणाऱ्याने, एवढंच विचारायचं: ‘कुणाच्या म्हणजे कुणाच्या? आणि दुखावल्या की नाही, तुला माहीत नाही?’ मग ‘कुणाच्या’ खोडून नाव येतं. ‘असतील तर’ खोडलं जातं. ‘मी फक्त गंमत म्हणून’ हे वाक्य दोन-तीन मसुदे तग धरतं, मग तेही जातं. शेवटी जे उरतं ते बहुतेकदा चारच ओळींचं असतं आणि लिहिणाऱ्याला ते मोठ्याने वाचता येत नाही. तोवर भेट ठरवायची नाही. घाईने ठरवली तर इजा झालेल्या मुलीला ‘असतील तर’ तोंडावर ऐकावं लागतं, आणि ती पहिल्यापेक्षा वाईट जखम असते.

ग्रुपमध्ये सगळ्यांनी लिहिलं नव्हतं. काही जण नुसते वाचत होते. शिस्तपालनाच्या चौकटीत त्यांचं काय करायचं हा अवघड प्रश्न असतो, कारण न लिहिणं हा नियमभंग नाही. वर्तुळात मात्र हीच माणसं महत्त्वाची ठरतात. लिहिणारा प्रेक्षकांसाठी लिहितो. मत टाकणाऱ्याला माहीत असतं की बाकीचे बघतायत आणि कुणी काही म्हणणार नाही. ग्रुप म्हणजे ताण हलका करायची जागा, एकमेकांवर कुरघोडीची जागा, आपण ‘आपल्यातले’ आहोत हे दाखवायची जागा, अशी कबुली प्रक्रियेतून पुढे आली. हे कारण आहे, सबब नाही. पण हे कळलं नाही तर तेरा जणांना काढून टाकल्यावर पुढच्या वर्षी नवा ग्रुप तयार.

आणि तशी जमीन तिथे होतीच. दंतवैद्यक शाखेच्या इमारतीत विद्यार्थ्यांची बसण्याची एक खोली होती, तिला सगळे ‘कॅव्हिटी’ म्हणत. दंतवैद्यांचाच विनोद, दातातली कीड. तिच्या भिंतींवर एकामागून एक तुकड्यांनी लिहून ठेवलेलं होतं: सह्या, चिमटे आणि त्यात मिसळलेलं बायकांबद्दलचं अश्लील लिखाण. तेरा मुलांनी फेसबुकवर जे केलं त्याची भिंतीवरची आवृत्ती तिथे होती आणि त्या खोलीत लोक रोज बसत होते, खात-पीत होते. कुणाला कधी उठून तक्रार करावीशी वाटली नाही? वाटली असली तरी ती कुणाकडे करायची? शिक्षेच्या चौकशीत हा प्रश्न संदर्भ सोडून ठरतो. रिस्टोरेटिव्ह प्रक्रियेत तो मधोमध आला. अहवालाचा मोठा भाग या तेरा जणांवर नव्हताच. शाखेतलं वातावरण, तक्रारीची वाट, देशी आणि परदेशी विद्यार्थ्यांमधली दरी, असमान वागणूक यांवर होता.

मे २०१५ मध्ये तिघा समन्वयकांचा अहवाल प्रसिद्ध झाला. समितीने बारा जणांचा सुधार पूर्ण झाल्याचं मान्य केलं, ते पदवीला पात्र ठरले. मुलींचं आणि मुलांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत अहवालात आहे. कुणालाही सहज सोडून दिलं गेलं नाही असा त्याचा एकूण सूर. जूनमध्ये कायद्याच्या प्राध्यापक कॉन्स्टन्स बॅकहाउस यांच्या अध्यक्षतेखालच्या बाहेरच्या कृतिदलाचा अहवाल आला, स्त्रीद्वेष, लिंगभेद आणि समलैंगिक-द्वेष यांवर. त्याने विद्यापीठाचे कान उपटले.

गुप्ततेबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. नावं बाहेर गेली असती तर वर्तुळ पहिल्या आठवड्यात मोडलं असतं. नावं फोडू अशी धमकी हॅकरांनी दिली होती आणि ज्या मुलींना आपलं नाव नको होतं त्या त्याने सर्वांत आधी उघड्या पडल्या असत्या. पण गुप्ततेच्या पडद्याआड नेमकं काय चाललंय याची बाहेरच्यांना पाच महिने काहीच खबर नव्हती, आणि रिकाम्या जागेत अविश्वासच भरतो. माणसांची नावं झाकायची आणि प्रक्रियेच्या पायऱ्या उघड ठेवायच्या, एवढं जमलं असतं. दर महिन्याला एक पानभर निवेदन: किती भेटी झाल्या, कुठल्या विषयावर काम चाललंय, न आलेल्यांसाठी कुठला रस्ता खुला आहे. त्या शेवटच्या ओळीसाठी तरी ते पान निघायला हवं होतं.

आज असं प्रकरण हातात आलं तर मी पहिल्या आठवड्यात ‘रिस्टोरेटिव्ह’ हा शब्द उच्चारणार नाही. संस्थेशी संबंध नसलेली एक व्यक्ती नेमायला सांगेन. ती प्रत्येक मुलीला एकटीला भेटेल, दोन्ही रस्ते एका कागदावर समोर ठेवेल, आणि कुणी काय निवडलं हे संस्थेला आकड्यातही सांगणार नाही. दोघींनी एक रस्ता निवडला आणि चौघींनी दुसरा, तर दोन्ही चालवायचे. खर्चिक आहे, गैरसोयीचं आहे, एकाच मुलावर दोन ठिकाणी प्रक्रिया सुरू राहील. वकील कटकट करतील. करू देत.

अडतीस वजा एकोणतीस, नऊ. त्यांतला एक तो तेरावा मुलगा. बाकीचे आठ तोच वर्ग, त्याच परीक्षा, तेच क्लिनिक यांतून गेले, पण त्या पाच महिन्यांच्या खोलीत त्यांची खुर्ची नव्हती. काहींना ती नकोच होती, आणि ते त्यांच्या हक्काचं होतं. प्रकरण शिकवताना मी फळ्यावर आधी हाच आकडा लिहितो आणि विचारतो, यांच्याशी बोलायला कोण जाणार होतं?